नाव काढण्याचा अर्ज

गुणवती मिसला मुलं पाठीमागे ‘सातवेळा मिस’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि नाव खोटंही नव्हतं. कुठलाही परिच्छेद सात वेळा लिहून झाल्याशिवाय ती त्याच्याखाली ‘बरं’ असं लिहीत नसे. ‘बरं’च्या वरचा शेरा तिच्याकडे नव्हता.

शेतकी शाखेला नवी मुलं आली की पहिले आठ आठवडे तिच्या ताब्यात असत. शाळा सगळी सिंहलीत झालेली, आणि पुढची चार वर्षं माती, खतं, कीड, सगळं इंग्रजीत. मधल्या या आठ आठवड्यांत सकाळी आठ ते दुपारी चार नुसतं इंग्रजी. व्याख्यान ऐकता ऐकता टिपणं कशी घ्यायची, मुद्दा कसा मांडायचा, त्याला कारण कसं द्यायचं, कारणाला पुरावा कसा जोडायचा. मुलं इंग्रजीला ‘कडुव’ म्हणत. कडुव म्हणजे तलवार. ज्याच्या हातात असते तो दुसऱ्याला कापतो, म्हणून. गुणवती म्हणायची, “तलवार कसली रे, कोयता आहे. रोज धार लावायची आणि कामाला लागायचं.”

कोयत्याचं तिला कळत होतं. बाप एल्पिटियाकडचा दालचिनी सोलणारा. फांद्या तोडून आणायच्या, वरची साल खरवडायची, मग पितळेच्या दांड्यानं फांदी घासत राहायचं, आतली साल सुटेपर्यंत. घासायचं काम सात वर्षांच्या गुणवतीकडे. कमी घासलं की साल फाटायची. फाटलेली साल बाप न बोलता तिच्यासमोर आणून ठेवायचा. ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. लांब सालीच्या पोटात बारीक तुकडे भरून कांडी तयार होते. कांडी हाताला पोकळ लागली की बाप ती उलगडून पुन्हा भरायला लावी. तीनदा, चारदा. पेठेत कुणाला कळलं नसतं. बापाला कळत होतं, तेवढं पुरे होतं.

गावच्या शाळेत इंग्रजीला मास्तर नव्हता. एक निवृत्त पोस्टमास्तर आपल्या नीरफणसाच्या झाडाखाली शिकवायचा. त्याचे कान पार गेलेले. मुलांनी पाटीवर लिहून दाखवायचं, त्यानं पाटीवरच दुरुस्त करायचं. असं सहा वर्षं. गुणवतीला इंग्रजी डोळ्यांनी आलं, कानांनी नाही.

विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, तास कुठं आहे? ती म्हणाली, “लेक्चर होलमध्ये.” सिंहली जिभेला ‘हॉल’ आणि ‘होल’ एकच. सभागृह आणि बीळ एकाच तोंडातून सारखेच बाहेर पडतात. आणि कोलंबोच्या माणसाला या एका शब्दावरून समोरचा कुठून आला ते कळतं. तिथं उभ्या असलेल्या मुली हसल्या. एकीनं विचारलं, “कुठल्या होलमध्ये गं? उंदराच्या की घुशीच्या?”

गुणवती त्यानंतर चार वर्षं वर्गात बोलली नाही. लेखी परीक्षेत पहिली आली. तिथंच शिकवायला लागली. एकतीस वर्षं शिकवलं. हजारो मुलांच्या जिभा वळवल्या. तो एक शब्द मात्र तिनं कधी तोंडात घेतला नाही. ‘ऑडिटोरियम’ म्हणायची, बिनचूक. ‘वरची मोठी खोली’ म्हणायची. धड्यात शब्द आलाच तर फळ्यावर लिहून खडूनं दाखवायची आणि एखाद्या मुलाला म्हणायला लावायची. एकतीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिची शेवटची तुकडी बेचाळीस जणांची. तिच्यात मधुभाषिणी होती.

कोरड्या भागातली, होरोवपोतानच्या पुढच्या खेड्यातली. सावळी, हाडापेरानं मजबूत. तळहातांवर दोराचे घट्टे. गणित आणि रसायनात पहिल्या पाचांत, पण वर्गात तोंड उघडत नसे. शनिल नावाचा कोलंबोचा मुलगा म्हणायचा, “आईबापांनी नाव मधुभाषिणी ठेवलं आणि तोंड शिवून पाठवलं.”

पाचव्या आठवड्यात सोमवारी तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि एक कागद ठेवला. सिंहलीत चार ओळी. मी नाव काढून घेत आहे, परवानगी द्यावी. खाली शिक्षकाच्या सहीची जागा सोडलेली.

“कुठं जाणार?”

“कटुनायकला, मिस. मावसबहीण कपड्यांच्या कारखान्यात आहे. तिनं जागा बघून ठेवलीय. शिवणाला बोलावं लागत नाही.”

गुणवतीनं कागद परत सरकवला. “दुवे,” ती म्हणाली. वर्गातली प्रत्येक मुलगी तिची दुवे, लेक, आणि प्रत्येक मुलगा पुता. “ही शाखा इंग्रजी माध्यमाची. अर्ज इंग्रजीत लागतो.”

असा काही नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी अर्ज इंग्रजीत आला. तीन ओळी, अकरा चुका. गुणवतीनं लाल पेनानं अकराही दाखवल्या. “पुन्हा.”

बुधवारी चुका चारवर आल्या. पण कारण म्हणून लिहिलं होतं, मला इथं आवडत नाही.

“ही तक्रार झाली,” गुणवती म्हणाली. “कारण दे.”

गुरुवारी कारण आलं, घरच्या अडचणी.

“कसल्या अडचणी?”

मुलीनं कागदाची कडा दुमडली.

“तात्ता आजारी?”

“नाही, मिस.”

“अम्मा?”

“नाही.”

“मग खोटं का लिहितेस? खोटं लिहिताना तुझं अक्षर वाकडं होतं, बघ. ‘घरच्या’ सरळ आहे, ‘अडचणी’ पडलीय.”

मुलीला हसू आलं. तिनं ते गिळलं. मग सोमवारी पाचवा मसुदा आला आणि त्यात खरं होतं. मी हॉलमध्ये बोलू शकत नाही. मी बोलले की लोक हसतात. त्यामुळे मी इथं शिकू शकत नाही.

गुणवतीनं ते दोनदा वाचलं. तिनं पेन खाली ठेवलं.

“काय झालं होतं?”

“पहिल्या दिवशी मला दारावरची पाटी वाचायला सांगितली. मी ‘लेक्चर होल’ वाचलं. तेव्हापासून शनिल आणि ती सगळी मला खड्डाताई म्हणतात. जेवायला गेले की विचारतात, काय खड्डाताई, आज कुठं पडलीस?” तिनं तळहातावरचे घट्टे चोळले. “मिस, खड्ड्याचं मला काही वाटत नाही. माझे तात्ता खड्डेच खणतात. विहिरी. पण बोलायला गेले की आता घसाच बंद होतो.”

“किती वेळा बोललीस?”

“एकदा.”

“एकदा म्हणजे पुरावा होत नाही. पाच आठवडे मी काय शिकवलं? एका झाडावरून बागेचा अंदाज काढतात का?” गुणवतीनं अर्जाच्या तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली. “शेवटच्या शुक्रवारी समारोप आहे. दहा जण बोलणार. अकरावी तू. हसले, घसा बंद झाला, तर तुझ्याकडे पुरावा असेल. मी त्याच दिवशी सही करीन.”

“आणि नाही झाला तर?”

“तर अर्जाचं कारण गेलं.”

मुलीनं कागदाची घडी घालून वहीत ठेवली. मग म्हणाली, “कशावर बोलू?”

“जे तुला माझ्यापेक्षा जास्त येतं त्याच्यावर.”

मग मुलगी सिंहलीत बोलायला लागली. गुणवती ऐकत राहिली. विहीर खणताना रोज सकाळी आधी पेटता दिवा खाली सोडून बघायचा. दिवा विझला तर खाली हवा वाईट, त्या दिवशी काम बंद. खाली तात्ता, वर कप्पीच्या दोराला ती आणि अम्मा. दिवसाला साठ-सत्तर बादल्या माती. आणि हाक कशी मारायची त्याचाही नियम. विहिरीच्या पोटात आवाज घुमतो आणि सगळे शब्द सारखे होतात. ‘ओढ’ आणि ‘सोड’ वर एकच ऐकू येतं. ओढायच्या जागी सोडलं तर बादली तात्तांच्या डोक्यात. म्हणून ओढायचं असेल तरच तोंडानं सांगायचं. सोडायचं असेल तर पहारीनं बादलीवर दोनदा वाजवायचं.

“सारखे वाजणारे शब्द आम्ही वापरतच नाही, मिस.”

गुणवतीला काहीतरी लागलं. ती म्हणाली, “हे सगळं लिहून आण.”

मुलगी लिहून आणू लागली. पहिला मसुदा, दुसरा, तिसरा. अर्ज बाजूला राहिला आणि भाषण सुरू झालं. गुणवतीनं काही सवलत दिली नाही. ‘खूप खोल’ लिहिलं की विचारायची, खूप म्हणजे किती? मुलीनं ‘बावीस फूट’ केलं. ‘पाणी वाईट निघालं’ लिहिलं की विचारायची, वाईट म्हणजे काय? खारट? कडक? कुणी तपासलं? मग मुलगी हळूच म्हणाली, “ते शिकायलाच आले होते, मिस. तात्तांनी दोन महिने खणलं आणि पाणी पिण्याजोगं निघालं नाही. आधी कळलं असतं तर दोन महिने वाचले असते.”

“हे पहिल्या ओळीत घाल.”

चौथ्या मसुद्याच्या दिवशी मुलीनं कागदावरून मान वर केली. “मिस, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार.”

“माझ्या प्रत्येक शब्दाचा उच्चार तुम्ही म्हणून दाखवता. हा एकच शब्द आला की खडूनं दाखवता. आज पण. काल पण.”

कागदावर तिचं बोट ‘हॉल’वर होतं.

टेबलावर कोरा चहा होता आणि बशीत गुळाचा खडा. गुणवतीनं गूळ तोंडात टाकला, चहाचा घोट घेतला. उत्तराला लागणारा वेळ तिनं असा काढला. मग म्हणाली, “मलाही येत नाही.”

“तुम्हाला?”

“एकतीस वर्षं शिकवतेय. येत नाही.”

मुलीनं तिच्याकडे पाहिलं, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. लगेच दोन्ही हात तोंडावर ठेवले. गुणवतीलाही हसू आवरेना.

“अर्ज मी करायला हवा होता,” गुणवती म्हणाली.

“त्याला पण सात मसुदे लागले असते, मिस.”

त्यातच एक नवी गोष्ट झाली. विभागाच्या नव्या प्रमुख मिनोली मॅडम, कोलंबोच्या, अजून चाळिशीही न गाठलेल्या, स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या, “गुणवती मिस, हा तुमचा शेवटचा समारोप. स्वागत तुम्हीच करायचं. तुम्ही दरवर्षी मागच्या रांगेत बसता म्हणे. यंदा चालणार नाही.” प्रेमानं म्हणाल्या. नाही म्हणायला जागा ठेवली नाही.

मग गुणवती आणि मुलगी, दोघींनी त्या एका शब्दावर काम सुरू केलं. मुलींच्या वसतिगृहामागं एक जुनी विहीर होती, वापरात नसलेली. जागा मधुभाषिणीनं सुचवली. रोज सकाळी साडेसहाला गुणवती पहिल्या बसनं यायची. मुलगी कठड्यापाशी उभी असायची. दोघी वाकून विहिरीत ओरडायच्या. ‘होल’ला ओठ विहिरीच्या तोंडासारखे गोल आवळायचे. ‘हॉल’ला जबडा खाली सोडायचा, दार सताड उघडल्यासारखा. विहीर दोन्ही शब्द परत द्यायची, आणि दोन्ही एकसारखेच द्यायची. मग दोघी विहिरीला नावं ठेवायच्या.

वसतिगृहाची आया एकदा काठी घेऊन धावत आली. “कोण पडलं? कोण पडलं?”

“कुणी नाही, अम्मे. इंग्रजी चाललंय.”

“विहिरीत?” आयानं कपाळाला हात लावला. “माझ्या वेळी पोरी विहिरीत दुसऱ्या कारणानं डोकवायच्या.”

दहा सकाळी. रोज पाऊण तास. एकही खाडा नाही. मुलीला आठव्या दिवशी जमलं. चुकून जमलं की काय म्हणून तिनं वीस वेळा म्हणून पाहिलं. विसाही वेळा जमलं. गुणवतीला पाचातून दोनदा जमायचं. एकोणसाठ वर्षांची जीभ. सुकलेली फांदी कितीही घासली तरी साल सुटत नाही, हे तिला बापाच्या अंगणात कळलेलं होतं. तरी ती घासत राहिली.

शुक्रवारी सकाळी निघताना तिनं नवऱ्याला समोर बसवलं. जयतिस्सचं शिलाई यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं.

“ऐका. हॉल. होल. कुठलं कुठलं?”

“परत म्हण.”

तिनं परत म्हटलं.

“मला दोन्ही एकच ऐकू येतात,” जयतिस्स म्हणाला. “पण तू छान दिसतेस. ही साडी नेसलीस ते बरं केलंस.”

सभागृहात दीडशे माणसं होती. डीन, प्राध्यापक, मागं सगळी मुलं. बाजूच्या टेबलावर केळीच्या पानावर किरीबत, दुधातल्या भाताच्या वड्या, झाकून ठेवलेल्या. मुलीनं आत जाताना गुणवतीच्या हातात घडी घातलेला कागद दिला. “सातवा,” ती म्हणाली. “अर्जाचा. साडेतीनची बस आहे.” तिची पिशवी दाराशी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

गुणवती व्यासपीठावर गेली. तिनं डीनना नमस्कार केला, मुलांकडे पाहिलं. तिला ‘इथं स्वागत’ म्हणता आलं असतं. ‘ऑडिटोरियम’ म्हणता आलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. दाराशी ठेवलेली पिशवी तिला तिथूनही दिसत होती. तिनं जबडा खाली सोडला आणि इंग्रजीत म्हणाली, “आपल्या सर्वांचं या होलमध्ये स्वागत.”

तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि दाबलं. मिनोली मॅडमनी मान खाली घातली. गुणवतीनं उरलेल्या सहा ओळी सरळ वाचून काढल्या, एकही न गाळता, आणि खाली येऊन बसली. तळहात घामानं भिजले होते. पदराला पुसले.

दहा जण बोलले. तिला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही.

अकरावी मधुभाषिणी गेली. कागद न घेता गेली. पहिलं वाक्य काय आहे ते गुणवतीला पाठ होतं. माझ्या वडिलांनी दोन महिने खणलेल्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही. सात वेळा लिहिलेलं वाक्य. मुलीनं ते म्हटलं नाही. तिनं घसा साफ केला. एकदा. दुसऱ्यांदा. गुणवतीनं खुर्चीचा हात धरला.

“मिस बरोबर बोलल्या,” मुलगी इंग्रजीत म्हणाली. “पुढची पाच मिनिटं तुम्ही सगळे होलमध्ये आहात. बावीस फूट खोल होलमध्ये. तिथं माझे वडील काम करतात. दोर घट्ट धरा. बोलून झालं की मी तुम्हाला या हॉलमध्ये परत आणून सोडीन.”

दोन शब्द. एकीकडे विहीर, एकीकडे सताड दार. लहान मुलालाही वेगळे कळावेत इतके वेगळे. डीन मोठ्यानं हसले, मग सगळेच हसले, आणि मुलगीही त्यांच्याबरोबर हसली. मग तिनं दिवा खाली सोडला, बादल्या मोजल्या, ‘ओढ’ आणि ‘सोड’चा नियम सांगितला, आणि दोन महिन्यांनी लागलेलं पाणी सांगितलं. मुरूम लागला तो थर सांगताना चुकली, थांबली, स्वतःच दुरुस्त केलं, पुढं गेली.

शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं मिनोली मॅडम म्हणाल्या. शनिल उठला. गुणवतीनं डोळे मिटले.

“दुसरी विहीर खणली का?” शनिलनं विचारलं. “आणि तिथं... तिथं पाणी गोड लागलं का?”

हे लिहून आणलेलं नव्हतं. मुलगी इंग्रजीतच उत्तर देत होती, काळ चुकत होता, ‘द’ गळत होता, आणि शनिल पुढं वाकून ऐकत होता. दुसरीचंही पाणी तसंच निघालं, तिसरी खणायची आहे, ती म्हणाली. या वेळी आधी तपासून.

किरीबत खाऊन झाल्यावर, सव्वातीनच्या सुमाराला, ती स्टाफरूमच्या दारात आली. पिशवी खांद्याला.

“मिस, अर्ज.”

गुणवतीनं सातवा मसुदा टेबलावर पसरून ठेवलेला होता. ती तो दोन वेळा वाचून झाली होती. एकही चूक नाही. मुद्दा, कारण, पुराव्याची जागा, सगळं नीट. एकतीस वर्षांत इतका साफ अर्ज तिच्याकडे आला नव्हता.

“तुमचं आज...” मुलगी म्हणाली.

“पाचातून दोनदा जमतं,” गुणवती म्हणाली. “आज बाकीच्या तिनातलं होतं. सोमवारी साडेसहाला ये. मी अजून महिनाभर आहे.”

मग तिनं लाल पेन उघडलं आणि सहीच्या जागेत लिहिलं. मुलीनं कागद उचलून वाचला.

भाषा चांगली. कारण खोटं.

“मिस, तुम्ही ‘बरं’ लिहिता.”

“हो. ‘बरं’ नाहीये हे.”

मुलगी कागद धरून उभी राहिली. बाहेर साडेतीनची बस हॉर्न वाजवत फाटकाशी आली, थांबली, गेली. मुलीनं पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

“मिस, गुळाचा खडा आहे का अजून?”

गुणवतीनं बशी तिच्याकडे सरकवली आणि चहा आणायला उठली.